बसल्या जागी चालणारे अय्युबभाई

दुपारच्या झोपेतून अय्युबभाई उठले आणि मोबाइलनं त्यांचं अभिनंदन केलं. स्क्रीनवर रंगीत फुगे उडत होते, चित्रातला एक सडपातळ माणूस टाळ्या वाजवत होता आणि खाली लिहिलं होतं, 'अय्युब, आज दुपारी तुम्ही कमाल केलीत. असेच चालत राहा.' अय्युबभाईंनी डोळे चोळले, चष्मा लावला, पुन्हा वाचलं. दुपारी त्यांनी काय कमाल केली होती ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? नावडे कॉलनीतल्या आपल्या नळ-पाइपांच्या दुकानात, मागच्या अंगाला, रबरी पाइपाच्या वेटोळ्याला डोकं टेकून ते मस्तपैकी घोरत होते.

बरं, हे पहिल्यांदा झालं असतं तर यंत्राची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण आठवडाभर रोज हेच चाललं होतं. माणूस झोपेत बोलतो, दात खातो, फार तर लाथा झाडतो. झोपेत अर्धं नावडे पालथं घालून परत आपल्या जागेवर येऊन घोरायला लागतो, असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

ही सगळी कृपा त्यांच्या मुलीची, उझमाची. उझमा उलव्याला राहते, बेलापूरच्या एका कंपनीत माणसांच्या कामावर लक्ष ठेवायचं काम करते, आणि घरी आली की तेच काम आईबापांवर करते. अय्युबभाई आणि त्यांची बायको खदीजा रमजानच्या आधी मक्केला, उम्र्याला जाणार हे ठरलं, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला आणि उझमाला टेन्शन आलं. काब्याभोवती फेऱ्या, मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये खेपा, सगळं पायी. अब्बांचं पोट आणि अम्मीचे गुडघे बघता हे जमणार कसं? ज्याला नाहीच जमणार त्याच्यासाठी टूरवाल्याकडे व्हीलचेअर मिळते, हेही तिनं तेव्हाच दोघांना सांगून ठेवलं. म्हणून तिनं दोघांना मनगटात बांधायचे दोन पट्टे आणून दिले. सेलमध्ये जोडी स्वस्त मिळत होती, त्यामुळे दोन्ही काळे, दोन्ही सारखे. जावई फहादनं एक अब्बांच्या मोबाइलला जोडून दिला, दुसरा अम्मीच्या. पट्ट्यानं पावलं मोजायची, ती आतल्या सिमवरून, कुठूनही, मोबाइलमधल्या वजन उतरवायच्या ॲपला कळवायची, आणि ॲपनं रात्री कोणी काय खायचं ते ठरवायचं. शिवाय दोघांचा हिशेब उलव्याला उझमाच्या मोबाइलवर दिसायचा, म्हणजे चोरून भजी खायची सोय नाही.

पट्ट्याची एकच अडचण होती. नमाजाआधी वजू करताना हात कोपरापर्यंत धुवायचे, मनगटावर बोटभर जागाही कोरडी राहून चालत नाही. म्हणून वजूच्या आधी पट्टा काढायचा आणि बेसिनवरच्या फळीवर ठेवायचा, हे दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. पट्टा पाण्यात बिघडत नाही असं फहाद परोपरीनं सांगत होता. पण पट्ट्याला पाणी लागलेलं चालतं हे खरं असलं, तरी पट्ट्याखालच्या मनगटाला लागत नाही त्याचं काय?

तर झालं असं, की अय्युबभाईंची पावलं दिवसेंदिवस वाढत चालली आणि खदीजाची आटत चालली. खदीजा पहाटेच्या अजानला उठायची ती रात्री गॅसचा ओटा पुसूनच बसायची. मधल्या वेळात धुणं, गच्चीवर वाळवण, खालून भाजी, वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला डबा. तरी ॲप तिला रोज रात्री सांगायचं, की खदीजा, आज तुमची हालचाल फारच कमी झाली, तेव्हा रात्री फक्त दुधीचं सूप घ्या. आणि दुकानात दिवसभर स्टुलावर बसून नळाच्या चाव्या विकणाऱ्या अय्युबभाईंना सांगायचं, की एवढ्या मेहनतीनंतर तांदळाची आणखी एक भाकरी घ्यायला हरकत नाही, सोबत मासळी असू द्या. पहिल्या रात्री अय्युबभाईंना घास जड गेला. समोर बायको दुधीचं पाणी फुंकरून पितेय आणि आपण सुरमईचा काटा काढतोय, हे बरं दिसत नव्हतं. चौथ्या रात्रीपर्यंत त्यांना सवय झाली.

उझमा तर अब्बांवर एकदम खूष. तिनं घरच्या ग्रुपवर त्यांच्या आठवड्याचा आलेख टाकला आणि खाली दंडाच्या बेडक्या फुगवलेल्या हातांची रांग लावली. त्या ग्रुपवर फहादचे अब्बाही होते. हे व्याही म्हणजे काटकुळा माणूस, सकाळी खाडीपर्यंत चालून येतो आणि भेटेल त्याला सांगतो. तेही अय्युबभाईंच्याच टूरवाल्याबरोबर उम्र्याला निघाले होते. त्यांनी अय्युबभाईंच्या आलेखावर 'माशाअल्ला' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून गपचूप स्वतःची फेरी वाढवली. अय्युबभाईंना आतून फार बरं वाटलं. आपण नेमके कधी चाललो याचा पत्ता नव्हता, पण कौतुक तर आपलंच होत होतं.

गोंधळ वाढला तो वजनकाट्यावर. एवढं चालून अय्युबभाईंचं वजन वाढत होतं आणि बसून राहिलेली खदीजा उतरत चालली होती. ॲपकडून शुभदा नावाच्या कोचबाईंचा फोन आला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, की सर, तुमची प्रगती बघून आम्ही ऑफिसात तुमचं उदाहरण देतो, वजनाचं मनावर घेऊ नका, तुमचे स्नायू वाढत असतील. फोन ठेवून अय्युबभाईंनी पोट दाबून पाहिलं. स्नायू इतका मऊ असतो हे त्यांना नवीन होतं.

आठवडाभरानं बाईंनी मत बदललं. आता त्यांना वाटलं, अंगात पाणी साठतंय. झालं, अय्युबभाईंचं मीठ बंद. मग उझमाला वाटलं, थायरॉइड. तिनं रक्त तपासायला माणूस घरी पाठवला. रिपोर्ट आला तो व्याह्यांनाही हेवा वाटावा असा. आजार नाही, पावलं भरपूर, खाणं ॲपच्या हुकमानं, तरी पँटचं बटण लागेना. अय्युबभाईंनी पट्टा काढून पुन्हा बांधला, मोबाइल बंद करून चालू केला, रात्री खदीजा झोपल्यावर मनगट टेबलावर ठेवून ताठ बसून पाहिलं. बसल्या जागी आकडा ढिम्म हलत नव्हता. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. मग राहिलं कोण? आपणच. आपण झोपेत उठून चालतो, ही शंका त्यांच्या मनात शिरली ती शिरलीच.

शेजारी श्यामसुंदरचं रंगाचं दुकान होतं. गिऱ्हाईक कमी, गप्पा जास्त, असा माणूस. अय्युबभाईंनी त्याला बाजूला घेऊन, घरातली नाजूक गोष्ट सांगावी तशा आवाजात विनंती केली, की आज दुपारी मी झोपलो की जरा माझ्यावर नजर ठेव. श्यामसुंदरनं कारण विचारलं. कारण ऐकून त्यानं हसू दाबलं आणि प्रामाणिकपणे स्टूल टाकून बसला. अय्युबभाई उठले तेव्हा तो तिथंच होता.

"काय दिसलं?" अय्युबभाईंनी विचारलं.

"एकदा कूस बदलली. एकदा डास मारला. तोपण सुटला."

"चाललो नाय?"

"भाई, तुमी घोरत होता तेव्हा मीच तीनदा उठून फिरून आलो. तुमी काय हलला नाय."

अय्युबभाईंनी मोबाइल उघडला. फुगे उडत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि श्यामसुंदर हळूच म्हणाला की एकदा दर्ग्यावर जाऊन या.

अशा अवस्थेत उझमाचा तो फोन आला. अय्युबभाईंनी स्पीकरवर टाकला. टूरवाल्याकडे त्यांच्या ग्रुपसाठी एकच व्हीलचेअर शिल्लक होती, ढकलणाऱ्या माणसासकट. महिनाअखेरीपर्यंत नाव कळवायचं होतं, म्हणून तिनं अम्मीचं नाव देऊन टाकलं होतं.

"अम्मी, राग मानू नको," उझमा म्हणाली, "पण तू दिवसभर सोफ्यावरून उठत नाहीस असं दिसतंय मला इथं. तिकडे तुला चालवेल तरी का? अब्बांचं ठीक आहे, ते मस्त फिट आहेत."

त्या घडीला खदीजा स्टुलावर उभी राहून पंख्याची पाती पुसत होती. तिनं खाली वाकून फोनकडे पाहिलं, "बरं," इतकंच म्हणाली, आणि उरलेलं पातं पुसायला लागली.

अय्युबभाईंच्या मनाला मात्र ते लागलं. खदीजाची सासू, म्हणजे त्यांची आई, सगळ्या फेऱ्या स्वतःच्या पायांनी करून आली होती आणि मरेपर्यंत प्रत्येक लग्नात ते सांगत होती. त्यांची बहीण अमरीनसुद्धा चालली होती आणि अजून सांगते. त्या घरातल्या सुनेला आता खुर्चीत घालून ढकलायचं? खदीजा बोलली नाही, पण ती त्या दिवसापासून जास्तच गप्प झाली असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे ती पहिल्यापासून तेवढीच गप्प होती, पण माणसाला मनात एक आलं की डोळ्यांना तेच दिसतं. तिनं पातेलं आदळलं तरी अय्युबभाईंना त्यात खुर्ची ऐकू यायची.

दोन दिवसांनी दुपारी ते जेवायला घरी आले, वजू केली, पट्टा बांधला, मशिदीत जाऊन आले, जेवले. खदीजा वरच्या बाळंतिणीकडे डबा घेऊन गेली होती, तिचा मोबाइल फ्रीजवर होता. अय्युबभाईंना त्या पट्ट्याचा एकाएकी संताप आला. याच्यापायी बायको खुर्चीत चालली आणि आपलं मीठ गेलं. "मोज," ते पट्ट्याला म्हणाले, "किती मोजायचं ते मोज," आणि हात पाण्यातून काढलेल्या कोंबडीसारखा झाडायला लागले. बराच वेळ झाडला. खांदा दुखला.

फ्रीजवर टिंग वाजलं.

अय्युबभाईंनी मान वळवली. खदीजाच्या मोबाइलवर फुगे उडत होते. 'शाब्बास, खदीजा. आज तुम्ही छान सुरुवात केलीत.'

त्यांनी थांबून विचार केला. मग परत हात झाडला. खदीजाचा आकडा वाढला. स्वतःचा मोबाइल काढून पाहिला, तर तिथं अय्युब नावाचा इसम या क्षणी जिना चढत होता. वरच्या मजल्यावरच्या जिन्यावर खदीजाच्या चपला वाजत होत्या.

अय्युबभाई सोफ्यावर बसले. सगळं एकदम लख्ख दिसलं. वजूच्या वेळी दोन्ही पट्टे फळीवर शेजारी शेजारी. खदीजाची वजू नेहमी आधी उरकायची, आणि मागे राहिलेला ते बघितल्याशिवाय बांधायचे. तिच्या मनगटावर त्यांचा, त्यांच्या मनगटावर तिचा. म्हणजे गेले कित्येक दिवस बाई घरभर राबत होती ती अय्युबभाईंच्या खात्यात, आणि अय्युबभाई घोरत होते ते तिच्या. तिची भाकरी त्यांनी खाल्ली होती. तिची सुरमईसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, सापडलं ना कारण, मग सांगून मोकळं व्हायचं. पण अय्युबभाईंच्या जागी बसून बघा. खुर्ची एकच होती. खरं सांगितलं की ती खदीजाच्या नावावरून निघणार आणि थेट त्यांच्या नावावर येणार. हराम शरीफमध्ये, काब्याच्या त्या मशिदीत, आपण खुर्चीत, मांडीवर सगळ्यांच्या चपलांची पिशवी, आणि शेजारून व्याही ताड ताड चालतायत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. संध्याकाळपर्यंत त्यांनी दुकानात तीन गिऱ्हाइकांना चुकीच्या मापाचे नळ दिले. एकदा वाटलं, गप्प राहावं, आजपासून पट्टा नीट बघून बांधावा, हळूहळू आकडे आपोआप सरळ होतील. पण मग दुधीचं सूप फुंकणारी खदीजा आठवली. अल्लाच्या घरी जायचं ते बायकोची पावलं चोरून? नाही, हे काही खरं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनीच उझमाला व्हिडिओ कॉल लावला. खदीजाला हाताला धरून शेजारी बसवलं. घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं: बेसिनची फळी, पट्टे, फ्रीजवरचे फुगे. झोपेत चालायची शंकाही सांगितली, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पलीकडे फहाद हसू लागला तो फ्रेमच्या बाहेरच गेला. उझमा हसली नाही. तिनं दोघांचे आकडे उलटे लावून पाहिले आणि तिचा चेहरा गंभीर झाला.

"म्हणजे अब्बा, तुम्ही काहीच चालत नाही?"

"दुकानात गिऱ्हाईक आलं की उठतो मी."

"खुर्ची सध्या तुमच्या नावावर करतेय," उझमा म्हणाली. "महिनाअखेरीपर्यंत ज्याची पावलं कमी, त्याला खुर्ची. आता याच्यात कोणाचं काही ऐकणार नाही."

फोन बंद झाला. अय्युबभाईंना हलकं वाटलं. त्याग केल्यावर माणसाला वाटतं तसं. आता खदीजाचे डोळे भरून येतील, ती काहीतरी चांगलं बोलेल, निदान आज मीठ घालेल, म्हणून ते वाट बघत बसले. खदीजा उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाजही आला नाही. शेवटी तेच आत गेले. ती ओट्याला टेकून उभी होती, एका हातानं गुडघा चोळत.

"तुमाला कोनी सांगितलवतं बोलायला?" ती म्हणाली.

अय्युबभाईंना वाटलं, ऐकण्यात काही गफलत झाली. "अगं, तुझं नाव काढलं मी खुर्चीतून. तू चालनार आता, माज्या अम्मीसारखी."

"मना कुटं चालायचं होतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"गुडघे रातभर ठनकतात माजे," खदीजा म्हणाली. "पन मागून घेतलेली खुर्ची मना परवडनार हाय का? अमरीनबाजी प्रत्येक लग्नात सांगंल, भावजयीला ढकलत नेली म्हनून. सगली उमर उभी राह्यले, कोन म्हनालं नाय, बस म्हनून. यंत्र म्हनालं. मी म्हटलं, म्हनू दे."

"म्हणजे पट्टे बदललेत ते तुला माहीत होतं?"

"तुमच्या पट्ट्याला अत्तराचा वास येतो. पयल्यांदा चुकून घेतला. मग नाय चुकले."

आपल्या पट्ट्याला वास येतो हे अय्युबभाईंना माहीत नव्हतं. खदीजाचे गुडघे रातभर ठणकतात हेही माहीत नव्हतं, आणि ते तर त्याच पलंगावर झोपत होते. दुधीचं सूप इतके दिवस तिनं कशासाठी गिळलं ते आता कळलं, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"मना सांगायचं तरी," ते म्हणाले.

"तुमी विचारलं कंदी?"

त्यांनी लगेच उझमाला फोन करून सांगतो म्हटलं. खदीजानं मोबाइल त्यांच्या हातातून काढून फ्रीजवर ठेवला. तिच्या तोंडून खुर्ची मागितली गेली असं एका जरी माणसाला कळलं, तर आपण गुडघ्यांवर रांगत फेऱ्या करू, पण बसणार नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. पट्टे परत बदलायचे, तर तेही आता शक्य नव्हतं, कारण उझमानं रोज वजूनंतर पट्ट्याचा फोटो मागितला होता, मागे लिहिलेल्या नंबरासकट. अय्युबभाईंनी डोकं खाजवलं. सगळ्या बाजूंनी विचार केला. महिनाअखेरीला अजून वेळ होता, आणि खदीजाची पावलं आपल्यापेक्षा कमी दिसायची तर रस्ता एकच उरत होता. तो त्यांना अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर अय्युबभाई घरी येऊन परत झोपले नाहीत. फहादनं ईदला दिलेले आणि अजून खोक्यातच असलेले बूट घालून ते बागेकडे निघाले. पहिल्या फेरीत श्वास लागला. दुसऱ्या फेरीत कमरेत काहीतरी कटकन वाजलं. श्यामसुंदर दूध घ्यायला बाहेर पडला होता. त्यानं जागेपणी चालणारे अय्युबभाई पाहिले आणि दुधाची पिशवी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी बाकावर बसून आकडा पाहिला. पहिल्यांदाच तो आकडा त्यांचा स्वतःचा होता, आणि फारच लहान होता.

पाणी प्यायला ते वर घरी आले तेव्हा घरात कसलाच आवाज नव्हता. कुकर नाही, झाडू नाही, नळ नाही. बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर, त्यांच्या नेहमीच्या जागी खदीजा बसली होती. पाय समोरच्या स्टुलावर लांब सोडलेले, हातात चहाचा कप, डोळे मिटलेले. तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरला आणि फ्रीजवरचा मोबाइल वाजला. अय्युबभाईंनी घाम पुसत वाचलं.

"बराच वेळ बसून आहात म्हणतंय," ते म्हणाले. "उठून चार पावलं चाला म्हणतंय."

खदीजानं डोळे उघडले नाहीत. "वाजू दे," ती म्हणाली. "तुमी जावा."

अय्युबभाई उभ्या उभ्या पाणी प्यायले, त्यांनी बुटाची नाडी घट्ट केली आणि ते परत जिना उतरायला लागले.